दिवाळी अंकाच्या करारावर घासून पाहिलेली ओडीआरएल 2.2

लेखिका कथा देते, संपादक ती दिवाळी अंकात घेतात, पुढे अंकाची ई-आवृत्ती निघते. करारात मोजक्या अटी असतात: ई-आवृत्तीत घ्यायला हरकत नाही, वितरण फक्त भारतात, मुदत 31 मार्च 2027पर्यंत, मानधन 5,000 रुपये, कथेसोबत लेखिकेचं नाव हवं, भाषांतर आणि ऑडिओ नाही. माणसाला हे एका वाचनात कळतं. ई-बुकचं दुकान चालवणाऱ्या सर्व्हरला, वाचनालयाच्या प्रणालीला आणि प्रकाशकाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मात्र त्यातला एक शब्दही कळत नाही. पीडीएफ करार कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहतो आणि 1 एप्रिलला कथा तशीच विकली जात असते.

ही दरी बुजवण्यासाठी ज्या हक्क-भाषा तयार झाल्या, त्यांतली आज सर्वांत जिवंत भाषा म्हणजे ओडीआरएल, लांब नाव ओपन डिजिटल राइट्स लँग्वेज. तिची 2.2 ही आवृत्ती 15 फेब्रुवारी 2018 रोजी डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, शिफारस म्हणून जाहीर झाली. फुकट आहे, वापरायला रॉयल्टी नाही. दस्तऐवज दोन: एकात नियमांची रचना, दुसऱ्यात शब्दसंग्रह. या परीक्षणात वरचाच करार तिच्यात बसवून पाहिला आहे. सरळ परवाना कुठल्याही भाषेत बसतो. नमुना असा हवा की भाषेला थोडा घाम फुटावा.

सांगाडा

ओडीआरएलमध्ये सगळ्यात बाहेर असते ती पॉलिसी. तिला एक 'यूआयडी' लागतो, म्हणजे कायमचा पत्ता, आणि आत किमान एक नियम लागतो. नियम तीन जातींचे: 'परमिशन' म्हणजे मुभा, 'प्रोहिबिशन' म्हणजे मनाई आणि 'ऑब्लिगेशन' म्हणजे बंधन. प्रत्येक नियमात कृती कोणती, ती कोणत्या ऐवजावर (ज्याचे हक्क द्यायचे ती वस्तू, इथे कथा), देणारा कोण आणि घेणारा कोण हे येतं. नियमावर 'कॉन्स्ट्रेंट' म्हणजे अटी लावता येतात. मुभेखाली 'ड्यूटी' लावता येते: हे केलंस तर ते करता येईल.

पॉलिसीचा प्रकार न लिहिल्यास ती 'सेट' धरली जाते, म्हणजे कुणाचं नाव नसलेला नियमसंच. 'ऑफर'मध्ये देणारा ठरलेला असतो, 'अ‍ॅग्रीमेंट'मध्ये दोन्ही पक्ष. सही झालेल्या कराराला 'अ‍ॅग्रीमेंट'च वापरावं. अनेक ठिकाणी घाईघाईत सगळंच 'सेट' म्हणून लिहिलेलं दिसतं. मग अंमलबजावणीच्या वेळी परवानगी कुणी कुणाला दिली हे फाइलीतून निघतच नाही.

ऐवजाचा पत्ता ही पहिली अडचण. अंकाला क्रमांक असू शकतो, पण त्यातल्या कथेला आयएसबीएन नसतो. तेव्हा प्रकाशकाने आपल्या डोमेनवर प्रत्येक साहित्यकृतीला एक पत्ता द्यायचा आणि तो कधीही बदलायचा नाही. पॉलिसीच्या पत्त्यातही आवृत्ती घालावी. अटी बदलल्या की जुन्याच पत्त्यावर नवा मजकूर चढवू नये. नवी पॉलिसी लिहून जुनीत डब्लिन कोअर या वर्णनशब्दांच्या मानकातला 'इज रिप्लेस्ड बाय' हा रकाना भरावा. तो दिसला की वाचणाऱ्या यंत्राने जुनी पॉलिसी रद्द समजून नवी वाचायची असते.

कृतींचे शब्द

शब्दसंग्रहात छापणं, वाजवणं, प्रत काढणं, वितरण, अनुवाद, सूचीत घेणं, वॉटरमार्क लावणं अशा कृती तयार आहेत. 'प्रकाशित करणे' हा शब्द मात्र नाही. प्रकाशनक्षेत्रातल्या माणसाला हे पाहून हसू येईल, पण त्यामागे विचार आहे. प्रकाशन ही एक कृती नाहीच. त्यात प्रत काढणं आहे आणि ती लोकांपर्यंत पोचवणं आहे. म्हणून आपल्या करारात 'रिप्रोड्यूस' आणि 'डिस्ट्रिब्यूट' अशा दोन मुभा लिहाव्या लागतात. आळस करून तिथे नुसतं 'यूज' लिहू नये. 'यूज' ही सर्वांत वरची कृती आहे, बाकीच्या बहुतेक कृती तिच्या पोटात येतात. 'यूज'ची मुभा दिली की अनुवादाचीही दिली.

इथेच पहिला मोठा खड्डा आहे. समजा 'यूज'ची मुभा दिली आणि खाली 'ट्रान्सलेट'ची मनाई लिहिली. वकिलाला यात काही गैर दिसणार नाही: सर्वसाधारण परवानगी आणि त्याला अपवाद. ओडीआरएलच्या दृष्टीने हा संघर्ष आहे, कारण एकाच कृतीला मुभाही आहे आणि मनाईही. संघर्ष कसा सोडवायचा हे 'कॉन्फ्लिक्ट' या रकान्यात सांगायचं असतं: मुभा वरचढ, मनाई वरचढ, किंवा पॉलिसी अवैध. रकाना रिकामा सोडला तर गृहीत धरलं जातं ते तिसरं, म्हणजे सगळी पॉलिसीच रद्दबातल. साहित्याच्या करारात 'कॉन्फ्लिक्ट'ची किंमत 'प्रोहिबिट' अशी सुरुवातीलाच लिहून टाकावी. मूळ करारावरून 'इनहेरिट फ्रॉम'ने पोट-पॉलिसी काढणार असाल तर दोन्हीकडे तीच लिहावी.

ऑडिओच्या मनाईसाठी 'टेक्स्ट टू स्पीच' हा शब्द मोहात पाडतो. त्याचा अर्थ मजकूर यंत्राकडून मोठ्याने वाचून घेणं, इतकाच. स्टुडिओत नटाकडून करून घेतलेलं अभिवाचन त्यात येत नाही. ते साधित साहित्यकृतीत येतं, तिथे 'डेराइव्ह'ची मनाई हवी. उलट 'टेक्स्ट टू स्पीच'वर सरसकट मनाई टाकली तर दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीनरीडर अडवला जाऊ शकतो. आपल्या प्रताधिकार कायद्यात 2012च्या दुरुस्तीने कलम 52(1)(झेडबी) आलं आहे. अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रत करणं त्यानुसार उल्लंघन ठरत नाही. कायद्याने दिलेली सूट फाइलीतल्या एका शब्दाने काढून घेऊ नये. लेखिकेला नको आहे ते ऑडिओबुक, तेवढंच लिहावं.

मुदत, प्रदेश आणि साडेपाच तास

अटीचे तीन तुकडे असतात: डावीकडे काय मोजायचं, मध्ये तुलना, उजवीकडे किंमत. मुदतीसाठी डावीकडे 'डेटटाइम', मध्ये 'एलटीईक्यू' म्हणजे 'तेवढं किंवा कमी', उजवीकडे तारीख. सोपं वाटतं, पण सर्वाधिक चुका इथेच होतात.

नुसती 2027-03-31 अशी तारीख लिहिली आणि पलीकडच्या प्रोग्रामने तिला मध्यरात्रीच्या शून्य वाजताची वेळ मानलं, तर 31 मार्चचा अख्खा दिवस हातचा जातो. तारीख-वेळ लिहिली पण वेळक्षेत्र लिहिलं नाही, तर युरोपातला सर्व्हर आपल्या घड्याळाने हिशेब करतो. मानकातही वेळक्षेत्र लिहिण्याची जोरदार शिफारस आहे. तेव्हा 23:59:59 आणि पुढे +05:30 असं पूर्ण लिहावं. जागतिक प्रमाणवेळेत तो क्षण 18:29:59 येतो. 'पासून–पर्यंत' हवं असेल तर एकाच नियमावर दोन अटी लावायच्या. एकाहून जास्त अटी असल्या की त्या सगळ्या पाळल्या गेल्या पाहिजेत, हे भाषेतच ठरलेलं आहे. 'हे किंवा ते' हवं असेल तर 'ऑर' किंवा 'एक्सवन' असा तार्किक गट वेगळा बांधावा लागतो. दुसऱ्याचा अर्थ 'नेमकं एकच'. दोन्हींत गल्लत करू नये.

त्याहून खोल प्रश्न असा: ही मुदत नेमकी कशाची? अट ज्या कृतीवर लावली त्या कृतीची. 'डिस्ट्रिब्यूट'वर लावली तर 31 मार्चनंतर दुकानाने नवी प्रत द्यायची नाही. फेब्रुवारीत विकत घेतलेला अंक वाचकाच्या टॅबमध्ये आहे, तो त्याने एप्रिलमध्ये उघडला तर ते वितरण नव्हे, वाचन. वाचकाकडूनही अंक परत घ्यायचा असेल तर वाचकाला घेणारा पक्ष धरून वेगळी पॉलिसी लिहावी लागेल. बहुतेक मराठी करारांत हा भेद केलेलाच नसतो. ओडीआरएल भरायला बसलं की तो विचारावाच लागतो, ही या भाषेची एक खरी कमाई.

प्रदेशासाठी 'स्पेशियल' आणि उजवीकडे आयएसओ 3166 या मानकातला देशाचा संकेत वापरावा. देशाच्या आतही जाता येतं. त्या मानकात महाराष्ट्राचा आणि गोव्याचा वेगळा संकेत आहे. पण 'भारतात' म्हणजे सर्व्हर भारतात, पैसे भरणारं कार्ड भारतातलं की वाचक भारतात? याला भाषेकडे उत्तर नाही आणि ते असण्याची अपेक्षाही नाही. ते प्रोफाइलमध्ये (भाषेला आपण जोडलेल्या पुरवणीत) किंवा कागदी करारात लिहावं. दिवाळी अंकांचे वर्गणीदार अमेरिकेत आणि आखातात आहेत. 'फक्त भारत' लिहिताना आपण कुणाला दाराबाहेर ठेवतो आहोत, हे संपादकाला ठाऊक असलेलं बरं.

मुदत आणि प्रदेश लिहायला विसरलात तर? भाषेच्या दृष्टीने अट नाही म्हणजे मर्यादा नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने मात्र तसं नाही. प्रताधिकार कायदा, 1957च्या कलम 19(5)नुसार हस्तांतरणात मुदत दिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि 19(6)नुसार प्रदेश दिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. कलम 30अ हेच नियम परवान्यांनाही लावतं. म्हणजे एकच रिकामा रकाना यंत्र 'अमर्याद' असा वाचतं आणि न्यायालय 'पाच वर्षं, भारत' असा वाचतं. या दोन वाचनांतला फरक पुढे भांडण होऊन येतो. भारतातल्या करारांसाठी मुदत आणि प्रदेश हे दोन रकाने सक्तीचे, असा घरचा नियम करून ठेवावा.

मानधन कुठे लिहायचं

मानधनासाठी कृती 'कॉम्पेन्सेट', तिच्यावर 'रिफाइनमेंट' म्हणून 'पे-अमाउंट' आणि शेजारी चलन. 'कॉन्स्ट्रेंट' नियमाला लागते, 'रिफाइनमेंट' कृतीला, ऐवजांच्या संचाला किंवा पक्षांच्या संचाला लागते. 1200 डीपीआयपर्यंत छपाई, हे छपाई या कृतीचं रिफाइनमेंट झालं. 31 मार्चपर्यंत छपाई, हे नियमाचं कॉन्स्ट्रेंट. जागा चुकली तरी फाइल तक्रार करत नाही, अर्थ मात्र बदलतो.

आता मानधन ड्यूटी की ऑब्लिगेशन? 'अंकात कथा घेतली तर मानधन' असं ठरलं असेल तर ते मुभेखालची ड्यूटी. 'कथा स्वीकारली, करार झाला, आता अंक निघो न निघो, मानधन द्यायचं' असं असेल तर ते पॉलिसीच्या पातळीवरचं स्वतंत्र ऑब्लिगेशन, बांधील पक्ष प्रकाशक. लेखकांशी होणाऱ्या वादांतला मोठा भाग या एका वाक्यात असतो आणि तोंडी बोलण्यात तो नेहमी धूसर राहतो. मानधन वेळेत न दिल्यास काय, हे 'कॉन्सिक्वेन्स'मध्ये लिहिता येतं, उदाहरणार्थ वाढीव रक्कम. मनाई मोडल्यावर भरपाईसाठी 'रेमेडी' आहे. मात्र रेमेडीतल्या ड्यूटीला पुन्हा कॉन्सिक्वेन्स जोडायची परवानगी नाही. साखळी एका कडीवर थांबते.

नाव देण्याच्या अटीशी ओडीआरएलचं फारसं जमत नाही. मुभेखालची ड्यूटी ही मुभा मिळण्याआधीची पूर्वअट मानली आहे. मानधनाला ते चालतं: आधी पैसे, मग प्रत. लेखिकेचं नाव मात्र वितरण होतानाच झळकणार, आधी नव्हे. अक्षरशः वाचणारा प्रोग्राम म्हणेल, नाव दिल्याचा पुरावा नाही, म्हणून मुभा नाही. आणि मुभा नाही म्हणून नाव देता येत नाही. व्यवहारात लोक 'अ‍ॅट्रिब्यूट' ही ड्यूटी तपासणीतून वगळतात किंवा 'सोबत पाळायची' असं आपल्या प्रोग्रामात ठरवतात. नाव देण्याची अट जगातल्या बहुतेक मुक्त परवान्यांत असते, आणि तीच इथे अवघडून बसते. या भाषेतली ही ठळक उणीव आहे.

चलनाचंही एक लफडं आहे. मानकाच्या उदाहरणात युरोसाठी डीबीपीडियाचा, म्हणजे विकिपीडियातून काढलेल्या विदासाठ्याचा, पत्ता वापरला आहे. कुणी रुपयासाठी तसाच पत्ता लिहितं, कुणी आयएसओ 4217चा तीन अक्षरी संकेत, कुणी स्वतःचा. तिन्ही वाचणाऱ्या माणसाला रुपयाच; यंत्राला तीन वेगळी चलनं. दोन संस्थांनी देवाणघेवाण सुरू करण्याआधी हे एक वाक्य ठरवून घ्यावं.

रक्कम लिहिताना स्वल्पविराम नको. 5,000 किंवा 1,00,000 हे दशांश संख्येच्या प्रकारात बसत नाही. 5000, 100000 असंच हवं. देवनागरी आकडे तर मुळीच चालत नाहीत, त्या प्रकाराला फक्त इंग्रजी अंक कळतात. मराठी टंकलेखनाच्या कळफलकावरून थेट भरलेल्या अर्जांत ही चूक हटकून सापडते. पॉलिसीची वर्णनं मराठीत लिहायला मात्र काही अडचण नाही. भाषेचा संकेत जोडून शीर्षक आणि वर्णन देवनागरीत ठेवता येतं.

न ओरडणारी चूक

ओडीआरएल बहुतेक जण जेसन-एलडी या, किल्ली आणि किंमत अशा जोड्यांच्या, स्वरूपात लिहितात. वाचायला सोपं, साधनं भरपूर. पण त्याची एक खोड जीवघेणी आहे. फाइलीच्या डोक्यावर संदर्भ-फाइलीचा पत्ता असतो. त्या संदर्भात नसलेली किल्ली प्रोग्राम विस्तार करताना, म्हणजे किल्ल्यांची पूर्ण नावं भरताना, गुपचूप गाळतो. 'कॉन्स्ट्रेंट'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं तर त्रुटी दिसत नाही, सूचना येत नाही. फक्त ती अट नाहीशी होते. 'भारतात, 31 मार्चपर्यंत' असलेली मुभा 'जगभर, कायमची' होऊन बाहेर पडते. 'प्रोहिबिशन'च्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर मनाईच उडते. बँकेच्या फॉर्मवर चुकीचा रकाना भरला तर फॉर्म परत येतो. इथे फॉर्म मंजूर होतो.

शॅकलसारखी (विदेची रचना तपासणाऱ्या नियमांची भाषा) तपासणी विस्तारानंतर लावली तर उपयोग अर्धाच, कारण तोवर चुकीची किल्ली गळून गेलेली असते. तपासणी दोनदा करावी. विस्ताराआधी जेसन स्कीमाने, म्हणजे कोणत्या किल्ल्या चालतील याच्या नमुन्याने, त्यात अनोळखी किल्ल्यांना बंदी घालून. विस्तारानंतर शॅकलने, त्यात प्रत्येक मुभेला मुदत आणि प्रदेश असलेच पाहिजेत असा नियम लिहून. तिसरी तपासणी गावठी आहे पण पकडते: आत किती मुभा, किती मनाया, किती अटी लिहिल्या ते मोजा, विस्तारानंतर पुन्हा मोजा, आकडे जुळवा. संदर्भ-फाइलीची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी. दर वेळी इंटरनेटवरून आणायची ठेवली तर नेट तुटलं की परवाने वाचणं बंद.

गप्प राहण्याचा आणखी एक प्रकार भाषेच्या गाभ्यातच आहे. आपल्या करारात चित्रपटाच्या हक्कांबद्दल काही नाही. मग चित्रपट काढता येतो का? 2002 साली डब्ल्यूथ्रीसीकडे सादर झालेल्या 1.1 आवृत्तीत स्पष्ट होतं: जी मुभा लिहिलेली नाही, ती दिलेली नाही. 2.2मध्ये असं सर्वांना बांधणारं वाक्य नाही. म्हणून मूल्यमापन करणाऱ्या प्रोग्रामात 'मुभा सापडली नाही म्हणजे नकार' हा नियम आपण स्वतः घालावा आणि पक्षांमध्ये तो लेखी ठरवावा. दोन संस्थांचे प्रोग्राम एकाच फाइलीचे दोन अर्थ लावतात ते बहुधा यामुळे. मूल्यमापनाची औपचारिक व्याख्या करण्याचं काम ओडीआरएलचा समुदाय गट करतो आहे. ते शिफारशीचा भाग नाही.

'काउंट' म्हणजे किती वेळा, ही अट वापरणाऱ्यांनीही सावध राहावं. 'तीन वेळा छापता येईल' असं लिहिणं सोपं. आधी किती वेळा छापलं याची वही ओडीआरएल ठेवत नाही. ती आपल्या डेटाबेसमध्ये ठेवायची आणि दर वेळी तपासणाऱ्याला पुरवायची.

शब्द कमी पडला तर

एआयच्या प्रशिक्षणासाठी कथा वापरू नये, हा आज प्रत्येक लेखकाचा प्रश्न. 2018च्या शब्दसंग्रहात त्यासाठी कृती नाही. अशा वेळी प्रोफाइल लिहायचं: आपला शब्द, त्याची व्याख्या, आणि तो कोणत्या जुन्या शब्दाच्या पोटात येतो ते. पॉलिसीत प्रोफाइलचा पत्ता दिला की ते प्रोफाइल न कळणाऱ्या प्रोग्रामने पुढे न जाता थांबायचं असतं. हा नियम फार शहाणपणाचा आहे. अर्धवट समजून पुढे जाण्यापेक्षा थांबणं बरं. वृत्तसंस्थांच्या जगातल्या आयपीटीसी या मानकसंस्थेचं राइट्सएमएल असंच ओडीआरएलवर उभं आहे.

मजकूर-खाणकामासाठी, म्हणजे यंत्राने मजकुरातून माहिती उपसण्यासाठी, टीडीएमरेप नावाचा तयार शिष्टाचारही आहे. तो युरोपीय संघाच्या 2019/790 या निर्देशाच्या कलम 4शी जोडलेला आहे. संकेतस्थळावर ठरलेल्या जागी छोटी जेसन फाइल ठेवा, किंवा एचटीटीपी हेडरमध्ये लिहा, किंवा पानाच्या मेटा टॅगमध्ये: हक्क राखीव असतील तर 1, नसतील तर 0, आणि हवं तर परवाना कसा मिळेल हे सांगणाऱ्या ओडीआरएल 'ऑफर'चा पत्ता. मराठी प्रकाशकाला युरोपातल्या कंपन्यांपुढे आपली भूमिका नोंदवायला याचा उपयोग आहे. भारतीय कायद्यात त्याला जोड असलेली तरतूद नाही, तेव्हा इथे ती सूचनेची पाटीच राहते.

शेजारची दुकानं

या क्षेत्रातलं मूळ घराणं झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राचं. मार्क स्टेफिक यांची डीपीआरएल 1990च्या दशकात तिथे घडली, तिची पुढे कंटेंटगार्ड कंपनीत एक्सआरएमएल झाली, आणि तिच्या पायावर एमपेग-21ची हक्क-भाषा आयएसओ/आयईसी 21000-5 म्हणून 2004 साली मानक झाली. व्याकरण ओडीआरएलपेक्षा काटेकोर: कोणाला, कोणता हक्क, कोणत्या ऐवजावर, कोणत्या अटीवर. पण पेटंटांचं सावट आणि एक्सएमएलचं जाडजूड ओझं, यामुळे छोट्या प्रकाशकाने तिच्या वाटेला जाण्याचं आज काही कारण नाही. ओडीआरएलची जुनी आवृत्ती त्याच काळात मोबाइलमध्ये शिरली होती. मोबाइल उद्योगाच्या ओएमए डीआरएम या कुलूप-व्यवस्थेचे हक्क तिच्याच उपसंचात लिहिलेले असत. विकत घेतलेली रिंगटोन मित्राला पाठवता येत नसे, ती त्याच व्यवस्थेची करामत.

क्रिएटिव्ह कॉमन्सची सीसी-आरईएल अगदी वेगळ्या स्वभावाची. 2008 साली ती डब्ल्यूथ्रीसीकडे सादर झाली. मुभा देते, मागते आणि मना करते, अशी तीन क्रियापदं आणि मोजकी नामं. तिच्यात मुदत लिहिता येत नाही, प्रदेश नाही, मानधन नाही, कुणा एकाचं नाव घेऊन परवानगी देता येत नाही. आपला दिवाळी अंकाचा करार तिच्यात बसणारच नाही. पण कथा मुक्त परवान्याखाली द्यायची असेल तर ओडीआरएल लिहिणं म्हणजे डासाला तोफ. पानावर परवान्याचा दुवा द्यावा, दुव्याला 'लायसन्स' हे नातं जोडावं, लेखकाचं नाव आणि पत्ता यांचे दोन गुणधर्म भरावे. पाच मिनिटांचं काम.

छायाचित्रांना तर यातलं काहीच लागत नाही. फोटोच्या फाइलीतच साठवल्या जाणाऱ्या आयपीटीसी मेटाडेटात 'वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स' या रकान्यात परवान्याच्या पानाचा पत्ता आणि 'लायसन्सर यूआरएल'मध्ये परवाना कुठे मिळेल तो पत्ता भरला की गूगल इमेजेस त्यावर परवान्याची खूण दाखवू शकतं. 2023.1 या आवृत्तीपासून त्याच मेटाडेटात प्लस या चित्र-परवान्यांच्या संस्थेचा 'डेटा मायनिंग' हा रकानाही आला आहे. एआय प्रशिक्षणाला मनाई, शोधयंत्राला मुभा असे पर्याय त्यात तयार आहेत. अडचण वेगळीच: व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की हा मेटाडेटा गळून जातो. फोटो दस्तऐवज म्हणून पाठवावा, किंवा दुवा पाठवावा.

आणि ज्यांना खरोखरचं कुलूप हवं आहे त्यांनी ओडीआरएलकडे पाहूच नये. ती अटी सांगते, अडवत नाही. ई-पुस्तकांसाठी रीडियम एलसीपी हे कुलूप आहे. त्याच्या परवान्यात हक्कांचे ठरलेले रकाने इतकेच: किती पानं छापता येतील, किती अक्षरं कॉपी करता येतील, कधीपासून, कधीपर्यंत. चारच शब्द, पण ते वाचणारं अ‍ॅप ते पाळतं. उत्तम मांडणी अशी की मूळ करार ओडीआरएलमध्ये ठेवावा आणि त्यातून एलसीपीचे चार आकडे प्रोग्रामने काढावेत. मुदत दोन ठिकाणी हाताने भरू नये.

कायद्यापुढे या फाइलीची किंमत

कलम 30नुसार परवाना लेखी हवा. नुसत्या जेसन फाइलीवर विसंबून राहू नये. सहीच्या करारात पॉलिसीचा 'यूआयडी' छापावा आणि दोन्हींत विसंगती आढळल्यास कागद प्रमाण, हे एक कलम घालावं. उलट दिशेने या फाइलीला कायद्याचं पाठबळ आहे. कलम 2(एक्सए)मधली हक्क-व्यवस्थापन माहितीची व्याख्या साहित्यकृतीचं शीर्षक, कर्त्याचं नाव, मालकाचं नाव-पत्ता आणि वापराच्या अटी यांना सामावून घेते. कलम 65बीनुसार ती माहिती अधिकाराविना, जाणूनबुजून काढणाऱ्याला किंवा बदलणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याच व्याख्येतून वापरकर्त्याची ओळख पटवणारी साधनं मात्र वगळली आहेत. तेव्हा ई-पुस्तकाच्या आत घालायच्या पॉलिसीत वाचकाचं नाव-ईमेल कोंबू नये. तिथे 'ऑफर' ठेवावी, नावानिशी 'अ‍ॅग्रीमेंट' आपल्या सर्व्हरवर.

घ्यावी का

वर्षाला पन्नासेक लेखकांशी करार करणारा, एकाच दुकानातून ई-आवृत्ती विकणारा प्रकाशक असेल तर नको. त्याच्यासाठी मुदत, प्रदेश, हक्क, मानधन अशा रकान्यांची एक स्प्रेडशीट आणि मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण पुरे. ज्यांच्या अटी दोन किंवा अधिक परक्या प्रणालींना वाचायच्या आहेत, उदाहरणार्थ वाचनालयांचं जाळं, वृत्तसंस्था, संशोधनाचा विदासाठा, त्यांनी जरूर घ्यावी. विदासाठ्यांच्या वर्णनाचं डीकॅट हे मानक ओडीआरएल पॉलिसी जोडण्याची सोय देतं, आणि युरोपातल्या डेटास्पेस म्हणजे विदा-देवाणघेवाणीच्या प्रकल्पांत तर करार याच भाषेत होतात.

घेणार असाल तर शब्दसंग्रहातले सगळे शब्द वापरायचा मोह टाळा. पाच-सहा कृती, मुदत, प्रदेश, रक्कम आणि उद्देश एवढ्यावर घरचं प्रोफाइल बांधा. दहा जुने करार हातात घेऊन ते त्यात बसवून पाहा. दहांपैकी जे दोन-तीन बसणार नाहीत ते बाजूला काढून पुन्हा वाचा. तिथे प्रोफाइलमध्ये नवा शब्द घालण्याआधी लेखकाला फोन करून विचारावं, नेमकं ठरलं काय होतं.